शून्य येतं, एक यायला हवं

३ जून

देखभाल करणाऱ्या मंडळींस,

आपल्या बीजगणिताच्या सॉफ्टवेअरमधल्या 'सरळरूप' या फंक्शनात एक दोष आढळला, तो रीतसर कळवतो आहे.

काय केलं: x चा वर्ग केला आणि त्याचं वर्गमूळ मागितलं.

काय आलं: x.

काय यायला हवं होतं: x चं केवल मूल्य, म्हणजे चिन्ह सोडून नुसती संख्या. x जर उणे तीन असेल तर वर्ग नऊ, आणि नवाचं वर्गमूळ तीन. उणे तीन नव्हे. आपलं फंक्शन मात्र उणे तीन घेऊन पुढे जातं आणि कुणाला पत्ता लागू देत नाही. याच राशीखालचं क्षेत्रफळ मी उणे एकपासून एकपर्यंत काढायला सांगितलं. दोन सारखे त्रिकोण, प्रत्येकी अर्धा, बेरीज एक. नववीतलं पोर तोंडी सांगेल. सॉफ्टवेअर म्हणतं, शून्य. डावीकडचा त्रिकोण उणे धरला जातो आणि उजवीकडच्याला खाऊन टाकतो.

कळावे,
एक निवृत्त गणित शिक्षक

ठके, ही झाली तक्रार. तक्रार या तीन भागांतच करावी असं तुमच्या पानावर लिहिलंय, म्हणून तशी केली. आता घरचं. त्या फंक्शनच्या माथ्यावर लेखक म्हणून कुणाचं नाव आहे ते तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. म्हणून सगळ्यांना दिसणाऱ्या पानावर मी ती स्वतः टाकली नाही, तुझ्याकडे दिली. तू वाच, खरी वाटली तर तू टाक. आयुष्यभर लोकांच्या पोरांच्या वह्या लाल केल्या, आणि आता ही वेळ. आपण हसे लोकांना आणि शेंबूड आपल्या नाकाला, म्हणतात ना, तसं झालं.

मामी बरी आहे. तिला काही सांगितलेलं नाही. पोराला जाऊन दोन वर्षं झाली, आता त्याच्या कामात चूक निघाली हे तिला कशाला?

मामा


६ जून

ती. मामा,

सा. न.

तक्रार खरी आहे. मी माझ्या मशीनवर करून पाहिली. शून्यच आलं. पानावर टाकली आहे, तुमच्याच शब्दांत, फक्त नववीतलं पोर तेवढं वगळलं. आमच्यातला एक जण अशा वाक्यांनी दुखावतो.

इतकी स्वच्छ तक्रार आम्हाला फार क्वचित मिळते. लोक नुसतं लिहितात, 'चालत नाही'. काय चालत नाही, कुठे, कसं, काही नाही. आम्ही देखभाल करणारे चौघं जण, चार देशांत, पगार कुणालाच नाही. दिवसभर मी काटे आणि मापं तपासण्याच्या कचेरीत असते, संध्याकाळी जमेल तेवढं हे बघते. तेव्हा तुमच्यासारखा तक्रारदार म्हणजे आम्हाला पाहुणाच.

दुरुस्ती फार मोठी नसावी. एका ओळीचं काम आहे असं वरवर बघून वाटतं. तुम्ही काळजी करू नका. दादाच्या हातून अशी एखादी ओळ राहिली असेल तर नवल नाही. ते सगळं त्यानं कुठल्या परिस्थितीत लिहिलं ते आपण पाहिलंय.

मामीला माझा नमस्कार सांगा, आणि तुम्ही संध्याकाळचं फिरणं बंद केलंय असं आईकडून कळलं, ते सुरू करा.

ठकी


११ जून

चि. ठकीस,

अनेक आशीर्वाद.

एका ओळीचं काम आहे असं तू म्हणालीस, म्हणून मीच करून पाठवतोय. सोबत जोडलं आहे. हसू नकोस. म्हातारपणी कोड वाचायला शिकलो, दुसरं काय करणार? सकाळी उठतो, त्याच्या खोलीत त्याच्याच मशीनवर बसतो आणि त्याचं ते फंक्शन वाचतो. आधी काही कळत नव्हतं. आता कुठली ओळ कशाला आहे ते कळतं.

चूक का झाली तेही सापडलं. त्यानं सगळ्या अज्ञात राशी धन धरल्यात. तू म्हणशील, स्वभावच तसा होता त्याचा. मीही आधी तेच म्हटलं आणि उगीच डोळे पुसले. पण यात तत्त्वज्ञान शोधू नये. तो कारखान्यांचे पाइप आखायचा. त्याच्या कामात x म्हणजे पाइपाची लांबी, नाहीतर व्यास. उणे दोन मीटर पाइप कुणी मागवत नाही. दहा वर्षं ज्यानं लांब्याच मोजल्या त्याच्या मनातून उणे संख्या निघून जाते, एवढीच गोष्ट आहे. गणिताच्या माणसाकडून ही चूक झाली नसती, पाइपवाल्याकडूनच व्हायची.

त्यानं ओळींच्या शेजारी शेरे लिहून ठेवलेत ते तू वाचले असशीलच. 'हे कुरूप आहे पण धावतं.' 'इथे बाबा गुण कापतील.' एका ठिकाणी नुसतं, 'नर्स आली, उद्या बघू.' डाव्या हाताला सुई होती, एका हातानं लिहायचा. मी शेजारच्या खुर्चीवर पेपर वाचत बसलेलो असायचो. तो माझ्याबद्दल लिहितोय हे मला काय माहीत?

दुरुस्तीत त्याची एकही ओळ मी खोडलेली नाही. एक वाढवली आहे. शेऱ्यांना हात लावू नका एवढं मंडळींना सांग.

मामा


२६ जून

ती. मामा,

सा. न.

तुमची ओळ मिळाली. तपासते आहे. कचेरीत या महिन्यात बाहेरची तपासणी चालू आहे, त्यामुळे घाईत लिहिते. घाई करण्यासारखं काही नाही. सगळं ठीक चाललंय.

मामीला नमस्कार.

ठकी


२ जुलै

ठकीस,

सगळं ठीक चाललंय?

तुमचं ते पान सगळ्या जगाला दिसतं हे तू विसरलीस. मला शाळेतून निवृत्त केलंय, डोळे अजून आहेत. तिथे तुमच्यातल्या एकानं लिहिलंय की हे फंक्शन दुरुस्त होण्यापलीकडे आहे, ते पूर्ण काढून त्या जागी नव्यानं लिहिलेलं बसवावं. दुसऱ्यानं त्याला मान डोलावली. तिसऱ्यानं नवीन लिहूनही आणलं. आणि त्याखाली तुझं नाव आहे, आणि नावाखाली एकच शब्द आहे, 'मान्य'. तारीख आहे तेवीस जून. म्हणजे मला पत्र लिहिलंस त्याच्या तीन दिवस आधी.

मी दुखणं दाखवायला आणलं होतं, तुम्ही माणूसच पुरायला निघालात.

मला तू सांगितलं असतंस तर मी ओरडलो असतो, रुसलो असतो, पण घरातलं घरात राहिलं असतं. चार परक्या माणसांच्या गप्पांतून मला कळावं?

तू म्हणशील की जुन्या आवृत्त्या तुमच्या कोठारात जपलेल्या असतात, ज्याला हव्यात त्यानं काढून बघाव्यात. त्याचे शर्टही कपाटात जपलेले आहेत. मला ते नकोय. आज कुठेतरी कुणीतरी एक किचकट राशी टाकतं आणि म्हणतं, हिचं सरळरूप दे. आणि त्यानं लिहिलेलं तिथे उठतं, हिशेब करतं, उत्तर देतं. जगात कुणीतरी अजून त्याला काही विचारतंय आणि तो उत्तर देतोय. माझ्याकडे एवढंच उरलंय, ठके. बाकी सगळं संपलं.

तेव्हा माझी तक्रार मी मागे घेतो. तीन जूनची. न केल्यासारखी समज. x म्हणजे लांबी असं पानावर लिहून टाका आणि मोकळे व्हा.

मामा


५ जुलै

ती. मामा,

तुम्ही रागावलात ते बरोबर आहे. मी लपवलं. तुम्हाला कसं सांगू ते सुचेना, म्हणून लपवलं. आता सगळं सांगते.

तुमची ओळ चुकीची नव्हती. मी ती बसवली आणि आमच्या सगळ्या चाचण्या लावल्या. तर आगीतून फुफाट्यात. आधी जी उत्तरं बरोबर यायची त्यातली निम्मी यायचीच थांबली. मशीन तासन् तास फिरत राहिलं. मामा, दादानं धन राशी एका ओळीत धरलेल्या नाहीत. पहिल्या ओळीत धरल्या आणि मग पुढचं प्रत्येक पाऊल त्याच भरवशावर टाकलंय. पाया काढायचा आणि भिंत तशीच ठेवायची, असं करता येत नाही. मी बारा दिवस करून पाहिलं. आईचा फोन घेतला नाही, कचेरीत दोनदा बोलणी खाल्ली. त्याचे शेरे मलाही पाठ झाले आहेत. बाकीचे तिघं पहिल्या दिवसापासून काढा म्हणत होते, मीच अडवून धरलं होतं. मग एक तक्रार आली आणि मी 'मान्य' लिहिलं.

एक मुलगी आहे, पादचारी पुलांच्या हेलकाव्यांवर काम करते. पूल वाऱ्यानं किती हलतो ते काढण्यासाठी तिनं आमचं सॉफ्टवेअर वापरलं. पूल डावीकडे झुकतो तेवढाच उजवीकडे झुकतो. दादाचं फंक्शन डावीकडचं उणे धरतं. बेरीज शून्य. म्हणजे पूल हललाच नाही. तिनं वर्षभर त्या शून्यावर काम केलं आणि तपासणाऱ्यांनी ते परत पाठवलं. तिनं आम्हाला शिव्या दिल्या नाहीत. एवढंच विचारलं की हे तुम्हाला माहीत होतं का. तेव्हा तुमची तक्रार पानावर येऊन दोन आठवडे झाले होते. मी काय सांगायचं होतं तिला?

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी माझी गत आहे. पण एक सांगते. नवीन फंक्शन बसवायचं तर शेवटची किल्ली माझ्या हातात असते. मी फिरवली नाही तर ते बसत नाही. तुम्ही नको म्हणालात तर मी फिरवणार नाही. बाकीच्यांनी मला काढलं तर काढू देत. तक्रार मागे घेता येत नाही मामा, ती खरी आहे. पण मी उशीर करू शकते, हवा तेवढा.

तुम्ही सांगाल तसं करते.

ठकी


१४ जुलै

ती. मामा,

माझं पाच तारखेचं पत्र मिळालं ना? दोन ओळी लिहा. शिव्या लिहिल्यात तरी चालेल.

ठकी


१७ जुलै

चि. ठकीला,

आशीर्वाद.

मला ते मशीनवरचं येत नाही म्हणून कागदावर लिहिते. यांना सांगू नकोस.

तुझ्या पत्राला उत्तर आलं नसेल. येणारही नाही. ते पत्र यांनी मला वाचून दाखवलं नाही, पण मशीन उघडं टाकून आंघोळीला गेले तेव्हा मी वाचलं. मला काही सांगायचं नाही असं तुमचं दोघांचं ठरलेलं दिसतं. माझ्या पोराच्या हातून चूक झाली हे ऐकून मी मरणार होते का? माझ्या पोटातून आलं ते, चुकणारच.

आता यांचं सांगते. सकाळी उठले की त्या खोलीत जातात. ताट वाढून हाक मारते, आलो म्हणतात, येत नाहीत. अन्न गार होतं, मी झाकून ठेवते. फिरायला जाणं गेलं. शाळेतले दोघं मित्र भेटायला आले होते तर डोकं दुखतंय म्हणून दार लावून घेतलं. मागच्या आठवड्यात घेरी येऊन खाली बसले. डॉक्टर म्हणाले, खात नाहीत, झोपत नाहीत, दुसरं काही नाही. विचारलं तर म्हणतात, मी दुरुस्त करतोय, झालंच आता. काय झालंच? तूच लिहिलंयस ना की बारा दिवस खपून तुला जमलं नाही. यांना जमणार आहे? आणि जमलं नाही तर बसूनच राहणार.

माझं आईपण करून झालं गं. आता बायकोपण तरी राहू दे. एक त्या खोलीतून गेला, दुसऱ्याला तिथे बसून झिजताना बघवत नाही. दुरुस्त करायला काही ठेवूच नकोस. ती किल्ली काय ती फिरव आणि काढून टाक. पाप लागलं तर मला लागेल.

यांना विचारत बसू नकोस. हे हो म्हणणार नाहीत आणि नाहीही म्हणायचे नाहीत. बाप आहेत.

मामी


२५ जुलै

ती. मामा,

सा. न.

काल संध्याकाळी मी नवीन फंक्शन बसवलं. दादाचं काढलं. तुमची वाट न बघता केलं, कुणी सांगितलं म्हणून नाही, माझ्या मनानं केलं. राग धरायचा तर माझ्यावर धरा.

तुमची तक्रार मिटली असं पानावर लिहिलं जाईल. ते शब्द माझे नाहीत, सॉफ्टवेअर आपोआप लिहितं.

मला रडू येतंय, आणि ज्यांच्याजवळ रडावं त्यांचंच मी काढून घेतलं.

ठकी


१२ ऑगस्ट

चि. ठकीस,

अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला. रागानं नाही.

तुझ्या मनानं केलंस हे खोटं आहे, आणि तुला खोटं लिहिता येत नाही, लहानपणीही येत नव्हतं. मामीच्या बोटाला शाई होती. वर्षानुवर्षं जिनं वाण्याची यादीसुद्धा मला सांगून लिहून घेतली, तिच्या बोटाला शाई! मी विचारलं नाही. तुम्ही दोघींनी मिळून ठरवलंत, आणि ठरवलंत ते ठीक. आयुष्यभर ज्यानं पोरांना सांगितलं की चुकीचं उत्तर फळ्यावर ठेवायचं नाही, त्यानं तुला काय लिहायचं, राहू दे म्हणून? आणि पूस म्हणून तरी कसं लिहायचं? त्या पुलाच्या मुलीचं वाचलं तेव्हाच मला कळलं होतं काय करायला हवं ते. हात चालला नाही.

मागच्या सोमवारी वाचनालयात गेलो. तिथल्या मशीनवर तुमची नवीन आवृत्ती घेतली. तेच उदाहरण घातलं. एक आलं. मग मुद्दाम वाकडीतिकडी दहा-बारा घातली. सगळी बरोबर. ज्यानं कुणी लिहिलंय त्याला माझ्यातर्फे शाबासकी कळव. वाचूनही पाहिलं. फार स्वच्छ लिहितो. शेरे काही नाहीत.

घरी आलो तर मामी त्याच्या खोलीत त्याच्या खुर्चीवर बसलेली. दोन वर्षांत ती तिथे झाडायलासुद्धा गेलेली नाही, मीच झाडतो. म्हणाली, "काढलं ना ते? मग आता सांगा मला, काय चुकलं होतं त्याचं." मी म्हटलं, तुला नाही कळायचं. म्हणाली, "तुम्ही मास्तर कशाचे मग?" तेव्हा कागदाची घडी घातली, एक त्रिकोण डावीकडे, एक उजवीकडे. दोन्हींत रंग भर म्हटलं. भरला. विचारलं, दोन्ही मिळून किती कागद रंगला? तिनं बोटानं दाखवलं, एवढा. मी म्हटलं, आपला पोरगा म्हणतो, काहीच रंगला नाही. ती हसली. आणि मग तिनं इतकं रडून घेतलं की शेजारच्या बाई दार वाजवायला आल्या.

तुला वाटत असेल, काढून टाकलं की मामा खोलीतून बाहेर येतील. मामीलाही तसंच वाटलं होतं. तिचं गणित साफ चुकलं. मी बाहेर आलो नाही, तीच आत आली. जेवण आता दोघांचं तिथेच होतं. जेवतो मी, त्याची काळजी करू नकोस.

घरच्या मशीनवर मी नवीन आवृत्ती घेतलेली नाही. घेणारही नाही. जगाला बरोबर उत्तर मिळायला हवं, ते तू दिलंस, चांगलं केलंस. मला ते हातानं काढता येतं. रोज दुपारी मामी म्हणते, विचारा त्याला. मी ते उदाहरण घालतो. मशीन जुनं आहे, जरा वेळ घेतं. आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसतो. मग शून्य येतं. मामी म्हणते, "चुकलाच का परत?" आणि मला म्हणते, ओरडू नका त्याला.

बरोबर उत्तर कुणाचंही एकच असतं, ठके. ही चूक तेवढी त्याची आहे. मशीन चालेल तोवर ती आमच्या घरात राहील.

तुझा,
मामा